अर्धं नाटक

"सर, ज्या देवीवर माझा विश्वासच नाही, ती माझ्या अंगात येणार कशी?"

प्रश्न मेघनाच्या तोंडून सुटला आणि चित्रकलेच्या वर्गात एकदम चिडीचूप झालं. तो विचारून दाखवायची पैज तिच्या मैत्रिणीची, कादंबरीची. "विचारूनच दाखव. एक मिसळ माझ्याकडून, जास्तीच्या पावासकट," असं तिनं मधल्या सुट्टीत सगळ्या पोरींसमोर जाहीर केलेलं. आता तीच कादंबरी हलगीमागे तोंड लपवून खुसखुसत होती, आणि बाकीच्या पोरी हिची आता कशी उतरते ते बघायला माना उंच करून बसलेल्या.

ऋतुराज सर शाळेतले नव्हते. ठाण्याच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी एकांकिका बसवायला ते कोलशेतहून मोटारसायकलवर डोंबिवलीला यायचे. डोक्यावर केसांचा बुचडा, गालात कायम आलेपाकाची वडी. त्यांनी वडी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

"प्रश्न तुझा आहे की मिसळीचा?"

पोरी फुटल्या. सरांचे कान भलतेच तिखट!

"माझाच आहे सर," मेघना म्हणाली, आणि अजिबात खाली बघितलं नाही. गेल्या वर्षी हजेरीला 'यस मॅडम' म्हणताना जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तीच ही पोरगी. या वर्षी सरांनी सगळ्यांना मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाका मारायला लावल्या, आणि मेघना ओव्हाळच्या गळ्यात अख्खा नगारा सापडला. तेव्हापासून ती घरी मीठ मागतानाही नगाराच वाजवायची.

"हे बघ," सर म्हणाले. "विश्वास तुझ्या पात्राचा, द्वारकेचा आहे. तो तिला लखलाभ. तुझ्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. दम, मान, जबडा. आधी दम छोटा छोटा करायचा, कुत्रं धापा टाकतं तसा. मग मान सैल सोडायची. मग जबडा थरथरवायचा. हे तिन्ही जमलं की देवी समोर बसलेल्यांना दिसते. तुला दिसली पाहिजे असं काही नाही."

"आणि चौथी गोष्ट सर?" कादंबरीनं उगाच हवा दिली.

"चौथी सगळ्यात मोठी. काहीही झालं तरी भूमिका सोडायची नाही. छत कोसळलं तरी द्वारका म्हणूनच गाडलं जायचं." मग मेघनाकडे वळून ते जरा हळू बोलले, "घरी सांगितलंयस ना, कुठलं काम करतेयस ते?"

"हो सर," मेघना म्हणाली.

तिनं घरी काय सांगितलेलं? 'गावातल्या एका बाईचं काम आहे.' इतकंच. आणि ते खोटं कुठे होतं? द्वारका गावातलीच होती, बाईच होती. नवरा गेलेली, जिला एरवी कुणी विचारत नाही अशी. देवी अंगात आली की मात्र सगळा गाव तिच्यासमोर रांग लावतो, आणि ती प्रत्येकाला एकच सांगते, 'दवा नको, डॉक्टर नको! माझा अंगारा लाव, मी बघून घेते!' ती लबाड नसते. तिला ते मनापासून खरं वाटत असतं. म्हणूनच शेवटच्या प्रसंगात तिची स्वतःची मुलगी तापानं फणफणते तेव्हाही ती अंगाराच लावत बसते, आणि मुलगी जाते. त्या प्रसंगात मेघनाला एक वाक्यही नव्हतं, नुसती मांडीवरची गोधडी घट्ट धरून बसायचं होतं. तालमीत ते बघताना कादंबरीची हलगी दर वेळी चुकायची.

*

नवरात्रात डोंबिवलीतल्याच मानपाड्याच्या एका मंडळाचं बोलावणं आलं. कादंबरीचे उत्तमकाका मंडळाचे खजिनदार. त्यांना देवीसमोर 'देवीचंच काहीतरी' हवं होतं, पंधरा-वीस मिनिटांचं, पुढे गरबा होता.

"मस्त!" सर म्हणाले. "स्पर्धेआधी खऱ्या प्रेक्षकांसमोर घुमून होईल. शेवट नको. सणासुदीचं मेलेलं पोर कोण बघणार? अंगात येण्याचा प्रसंग करू आणि पडदा टाकू."

कुणाला काही वावगं वाटलं नाही. मेघनालाही नाही. तिला फक्त एवढंच दिसत होतं की मंडपात पाचशे माणसं मावतात.

मंडपाच्या मागे तिचा मळवट भरला, केस मोकळे सोडले. कादंबरीनं खडूचा भुगा आणि कोळशाची पूड कालवून वाटीभर अंगारा केला. तेवढ्यात सरांनी मेघनाच्या हातात नारळ दिला. नाटकवाल्यांची रीत अशी की खेळाआधी प्रमुख पात्रानं नारळ वाढवायचा.

"सर, नारळ मी नाही वाढवणार."

"अरेच्चा! अंगात देवी चालते, आणि नारळ चालत नाही?" पोरं हसली.

"देवी द्वारकेच्या अंगात येते सर. नारळ मेघनाला वाढवायला लागेल."

सरांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग नारळ मुकाट कादंबरीकडे दिला. मेघनाला स्वतःचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! घरातल्या भिंतीवरच्या बावीस प्रतिज्ञा तिला लहानपणापासून पाठ होत्या, पण आज पहिल्यांदा त्यातली एक तिनं स्वतःच्या हिमतीवर, पप्पा शेजारी नसताना पाळली होती. आपल्याला रेघ कुठे मारायची ते बरोब्बर कळतं, असं वाटून ती टेचात स्टेजवर गेली.

आणि काय घुमली! दम छोटा झाला, मान सैल सुटली, जबडा थरथरला, केसांचा पंखा झाला. हलगीचा ठेका चढत गेला तसा मंडपातला गलका विरत गेला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. गावकरी झालेली पोरं एकेक करून समोर आली, एकेकाला अंगारा मिळाला. सगळं तालमीबरहुकूम.

मग एक म्हातारी स्टेजच्या पायऱ्या चढून आली.

नऊवारी, नाकात चमकी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ती नाटकातली नव्हती, पण मंडपाला तसं वाटलं नाही. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. म्हातारीनं मेघनाच्या पायावर डोकं टेकवलं. कपाळ गरम होतं, घामानं ओलं होतं. मग तिनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि वर धरली.

"आई, लई कंटाळले गं या गोळ्यास्नी. रोज खायाच्या, रोज खायाच्या. खाऊ का नको? तू सांगशील तसं करते."

शब्द न् शब्द मेघनाला नीट ऐकू आला. हलगीही तेव्हा हळू होती. तिनं केसांच्या झिपऱ्यांमधून विंगेत बघितलं. सर तिथे होते. त्यांनी हातानं गोल फिरवून दाखवलं, चालू ठेव, चालू ठेव. छत कोसळलं तरी द्वारका. पाचशे माणसं श्वास रोखून बसलेली. आणि तिच्या जिभेवर पुढचं वाक्य तयारच होतं. महिनाभर घोटलेलं.

"दवा नको, डॉक्टर नको! माझा अंगारा लाव, मी बघून घेते!"

म्हातारीच्या चेहऱ्यावर असं काही हसू फुटलं, जसं कुणी डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा. मेघनानं तिच्या कपाळावर खडूचा भुगा फासला. मंडप टाळ्यांनी दणाणला. पडदा पडला.

"मेघनाऽ! तू वेडी आहेस! काय सांभाळलंस यार!" कादंबरीनं तिला मिठीच मारली. सर म्हणाले, "याला म्हणतात भूमिका न सोडणं." मेघनाला वाटलं, आपण आता जमिनीवरून चालतच नाही आहोत. म्हातारी कोण, कुठली, हा प्रश्न गरब्याच्या स्पीकरखाली बुडून गेला.

*

दोन दिवसांनी तो प्रश्न जेवणाच्या ताटावर वर आला.

मेघनाची मम्मी, सरोज, एका हॉस्पिटलच्या मेडिकल काउंटरवर होती. भाकरी थापता थापता ती सांगायला लागली, "आज एक सून आलेली बिचारी. रडकुंडीला आलेली. सासूच्या हृदयात स्प्रिंग बसवून अजून वर्ष नाही झालं, आणि म्हातारीनं रक्त पातळ व्हायच्या गोळ्या परवापासून बंद करून टाकल्यात."

"का?" पप्पांनी विचारलं.

"मानपाड्याच्या मंडपात कुणाच्या तरी अंगात आलं म्हणे. तिनं सांगितलं, दवा नको, डॉक्टर नको. वर अंगारा लावला."

मेघनाच्या तोंडातला घास होता तिथेच थांबला.

पप्पांनी ताट सरकवलं. राजरत्न ओव्हाळ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. घरात आणलेल्या मिठाच्या पिशवीवरचंसुद्धा सगळं वाचल्याशिवाय ती फोडू न देणारा माणूस. "असल्या बायांना आत टाकलं पाहिजे. कायदा आहे त्याच्यावर."

"बाई नव्हती हो. शाळकरी पोरगी होती म्हणे."

"मग तिच्या आईबापांना आत टाका. घरात शिकवल्याशिवाय पोरगी असलं करते का?"

मेघनाचे कान तापले. मम्मीनं भाकरी उलटली. मग पप्पा एकदम निराळ्याच आवाजात बोलायला लागले. "माझ्या आजीच्या अंगात मरीआई यायची. भीमाबाईच्या. तुला कधी सांगितलं नाही मी. मंगळवारी अख्खा गाव तिच्या पायावर. पाटलीणसुद्धा. आणि बुधवारी तीच पाटलीण तिच्या पदरात भाकरी वरून टाकायची, हात लागायला नको म्हणून. माझ्या बापानं तिची जट कापली तेव्हा ती लहान पोरासारखी रडली. आपण हे सगळं उगाच सोडलेलं नाही, मेघना."

"ती खोटं खोटं करायची का, पप्पा?"

पप्पांनी सरकवलेलं ताट पुन्हा ओढलं. "नाही गं. तेच तर. तिला ते खरंच वाटायचं."

मेघनाला द्वारका आठवली. मांडीवर गोधडी धरून बसलेली. तिनं हळूच विचारलं, "मम्मी, त्या गोळ्या नाही घेतल्या तर काय होतं?"

"स्प्रिंगमध्ये रक्त साकळतं. मग अटॅक. आज येईल, उद्या येईल, सांगता येत नाही." मम्मीनं तव्यावरून नजर उचलली. "तू का जेवत नाहीयेस?"

"पोट भरलं," मेघना म्हणाली. नगारा कुठल्या कुठे. गेल्या वर्षीचा तोच आवाज, पुढच्या बाकापर्यंतही न पोचणारा.

*

"सोप्पं आहे," दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कादंबरी म्हणाली. "परत घुमायचं. 'गोळ्या खा गं लेकरा' म्हणायचं. विषय संपला."

"येडी आहेस का? सरळ सांगू ना, नाटक होतं म्हणून."

"आणि नाही ऐकलं तर?"

"आणि पप्पांना कळलं, की मी कुणाच्या घरात जाऊन देवी झाले तर?"

"आणि म्हातारी मेली तर?" कादंबरीनं थाडकन विचारलं, आणि मग स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला.

त्या दिवशी तालीम बुडवून दोघी निघाल्या. पत्ता उत्तमकाकांकडून मिळाला. मंडपाच्या मागची चाळ, शेवटची खोली, हौसाबाई म्हणून विचारा. संध्याकाळी एमआयडीसीकडून तो नेहमीचा उग्र वास सुटलेला, त्यात मंडपातल्या धुपाचा वास मिसळलेला.

दार सुनेनं उघडलं. योगिनी तिचं नाव. आत हौसाबाई भिंतीला टेकून बसलेल्या. मेघना गणवेशात होती, दोन वेण्या घातलेली. तरी त्यांनी तिला क्षणात ओळखलं आणि उठायची धडपड सुरू केली.

"आई आली! योगिनी, पाट टाक. हळदीकुंकू आण."

"आजी, बसा. बसा ना. मी मेघना. मी देवीबिवी नाहीये. आम्ही शाळेचं नाटक करत होतो. ते वाक्य सरांनी लिहिलेलं. तुम्ही गोळ्या चालू करा, प्लीज."

हौसाबाई हसल्या. लेकरू काहीतरी बरळतंय तशा. "तुला कसं ठाव असंल? तू कुठं बोललीस? ती बोलली. बोलून गेली की जिच्या अंगात आली त्या झाडाला काय कळतंय?"

"आजी, खरंच..."

"सकाळपासनं छातीत जड वाटतंय जरा. पर अंगारा लावला की हलकं व्हतंय बघ." उशीखालून त्यांनी कागदाची पुडी काढली. खडूचा भुगा. कादंबरीनं नजर चुकवली.

योगिनीनं मेघनाला ओढतच मोरीपाशी नेलं. "ऐक. दोन दिवस डोकं फोडतेय मी यांच्यापुढे. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, मुलाचं ऐकत नाहीत. नाटक होतं ते मला कळतंय गं. पण त्या फक्त तुझंच ऐकतील. परत हो देवी. दोन मिनिटं. मी तुझ्या पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. एवढी मोठी बाई. मेघनानं घाईनं तिचे हात धरले.

छातीत जड. स्प्रिंगमध्ये रक्त साकळतं. आज येईल, उद्या येईल. मेघनानं वेण्या सोडल्या.

कादंबरीनं फळीवरचा पत्र्याचा डबा उतरवला आणि बोटांनी ठेका धरला. दम छोटा झाला. मान सैल सुटली. हौसाबाईंनी हात जोडले आणि गुडघ्यांवर येऊन डोकं जमिनीला टेकवलं. पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा मेघनाच्या पायांशी येऊन थांबला. बोलायचं होतं फक्त 'गोळ्या खा'. दोन शब्द. त्यानं जीव वाचणार होता.

आणि पुढच्या मंगळवारी? पुढच्या वेळी डोकं दुखलं, गुडघा धरला, नातवाचा निकाल लागला, की ही बाई कुणाला विचारणार? आणि तोवर मेघना कुठे असणार? दहावीच्या क्लासला?

"कादंबरी, थांब."

ठेका थांबला. मेघना खाली बसली, हौसाबाईंच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून.

"आजी, वर बघा. माझ्याकडे बघा. हा दम." तिनं धापा टाकल्या. थांबली. "बघितलंत? थांबवला. आता मान." मान भोवऱ्यासारखी फिरली. थांबली. "चक्कर येते, पण येतं करता. आता जबडा." दात कडकडले. मध्येच थांबून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, पाणी द्या." घोटभर पाणी प्यायली, आणि ग्लास खाली ठेवताच पुन्हा जबडा थरथरवला. मग पुन्हा थांबली. "आणि तो अंगारा खडूचा आहे. फळ्यावर लिहितात तो. हिनंच केला."

कादंबरीनं मान खाली घालून होकार दिला.

हौसाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा असा बदलत गेला, की मेघनाला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसावी असंही वाटलं.

"म्हंजी त्या दिशी, समद्या मंडपात," त्या शब्द शोधत बोलल्या, "मी इचारलं, आन् तू ऐकलंस?"

"हो."

"आन् तू मेघना म्हणून ऐकलंस? देवी म्हणून न्हाई?"

"मेघना म्हणून ऐकलं, आजी. आणि तरी बोलले. सर म्हणालेले, भूमिका सोडायची नाही."

"आन् मी गेली आस्ती, मग?"

मेघनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते दम-मान-जबड्यातलं नव्हतं, म्हणून थांबवताही येईना.

हौसाबाई भिंतीला टेकल्या. छातीवर हात होता. योगिनी पुढे सरकली तर तिला त्यांनी हातानंच थांबवलं. "त्या बाईचं पुढं काय झालं?"

"कुठल्या?"

"तुज्या नाटकातल्या. जिच्या अंगात आलं. पडदा पडला, मग पुढं?"

"तिची मुलगी आजारी पडते. ती तिलाही दवा नको म्हणते. अंगारा लावते." मेघनानं बाहीनं नाक पुसलं. "मुलगी मरते, आजी. मग ती मांडीवर गोधडी घेऊन बसते. बोलत काहीच नाही."

हौसाबाई ताठ झाल्या.

"ह्ये का न्हाई दावलंत?" त्यांचा आवाज एकदम चढला. "आँ? निम्मंच का दावलंत? ह्ये पाह्यलं आस्तं, तर मी पायऱ्या चढून आले आस्ते का गं, सटवे?"

शेजारणी दारात डोकावल्या. हौसाबाईंनी कपाळावर हात फिरवून खडू पुसला, पुसला, चामडी लाल होईतो पुसला. "ऊठ. भायेर व्हा दोघी. तोंड नका दावू मला." आणि त्याच दमात, "योगिनी, रिक्षा बोलाव. गोळ्या कुठं ठिवल्यास? आण हिकडं."

दोघी बाहेर चपला शोधत होत्या. मेघनाच्या चपलेचा अंगठा काही केल्या पायात बसेना. आतून पाकिटातून गोळी निघतानाचा तो कट्ट आवाज आला. मग अजून एक. तेव्हा कुठे अंगठा बसला.

*

रिक्षा गेलेली बघून तिनं कादंबरीच्या फोनवरून सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "हात मीच फिरवला होता गं. तू माझ्याकडे बघितलेलंस." त्या आवाजात वडी नव्हती.

मम्मी उशिरानं घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "ती म्हातारी आली आज. दोन दिवस ठेवून घेतायत. थोडक्यात वाचली म्हणे. कुणी पोरगी घरी येऊन सगळी पोल खोलून गेली." ती थांबली. "सुनेनं मला बोलावून घेतलेलं वॉर्डात. म्हातारी विचारत होती, मंडपातल्या नाटकातल्या मेघनाला ओळखता का. निरोप दिलाय. म्हणाली, तिला सांगा, पुढचं निम्मं मला बघायचंय. पैल्या रांगेत बसून."

पप्पांनी पेपर खाली ठेवला. "कुठली मेघना?"

मम्मी मेघनाकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. पण सांगायचं तर मेघनानं सांगायचं, हेही त्या बघण्यात होतं.

मेघना उभी राहिली. आवाज निघाला तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"मंडपातली पोरगी मी होते, पप्पा. तुम्ही शिकवलं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. न वाढवलेला नारळ, कापलेला शेवट, पायऱ्या चढून आलेल्या हौसाबाई, सरांचा हात, खडूचा भुगा, सोडलेल्या वेण्या आणि थांबवलेला डबा. पप्पांच्या चेहऱ्यावरची एक शीर उडत होती. ती उडते तेव्हा घरात कुणी बोलत नाही. मेघना बोलत राहिली.

शेवटी ते म्हणाले, "म्हणजे आता सोडलंस ना ते नाटक?"

"नाही."

"मेघना!" मम्मी पुटपुटली.

"ज्यावर आपला विश्वास नाही," पप्पा एकेक शब्द मोजून बोलले, "ते आपण करायचं नाही. साधी गोष्ट आहे."

"द्वारकेचा विश्वास आहे, पप्पा. भीमाबाईंचा होता. त्यांना कसं वाटत असेल, मंगळवारी सगळे पाया पडतात आणि बुधवारी भाकरी वरून टाकतात, ते कुणी दाखवायचं मग? ज्यांचा विश्वास आहे ते थोडेच दाखवणारेत?" तिनं दम घेतला. हा तिचा स्वतःचा दम होता, कुत्र्यासारखा नव्हे, पूर्ण. "मी ठरवलंय. ठाण्याला द्वारका मीच करणार. नारळ वाढवणार नाही. आणि अर्धी द्वारका आता कुठेही करणार नाही, कुणीही बोलावलं तरी. सरांना सांगितलंय तसं. गोधडी मांडीवर घेऊन पडदा पडेपर्यंत बसणार. पहिल्या रांगेत हौसाबाई आजी बसतील. त्यांच्या एका बाजूला मम्मी, दुसऱ्या बाजूला तुम्ही. तुमच्या खुर्च्या मी धरून ठेवायला सांगणारे."